लाट एवढी लांब, खांब एवढासा. मग लाटेला त्याचा पत्ता लागतो कसा?

धोटा

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत आम्ही. सकाळी बाबा स्टार्टर दाबायचे, पट्टा वेग धरायचा आणि त्या चार-पाच सेकंदांत एक क्षण असा यायचा की स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या पितळी डब्याचं झाकण झणझणायचं. माग पूर्ण वेगात आला की झाकण गप्प. दणका तर वाढलेला असायचा, तरी गप्प. रात्री माग बंद केला की वेग उतरताना पुन्हा त्याच टप्प्यावर तोच झणझणाट. शेवटी आईने झाकणाखाली जुन्या चादरीचा तुकडा घडी करून ठेवला आणि आवाज बसला.

आता मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात पृष्ठलहरी शिकवताना हेच झाकण मुलांना सांगितलं. पृष्ठलहर म्हणजे घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटून जाणारी लाट. लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये तिचं गणित मांडलं. ही लाट आत खोलवर उतरत नाही; साधारण एका तरंगलांबीएवढ्या खोलीत तिचा जोर संपतो. पृष्ठभागावरचा प्रत्येक कण लंबवर्तुळात फिरतो आणि गंमत अशी की वरच्या टोकाला असताना तो लाटेच्या उलट दिशेने जात असतो. पाण्याच्या लाटेत बरोबर याच्या उलट.

अशी लाट स्फटिकावर सोडायची आणि तिच्या वाटेत अतिसूक्ष्म खांब उभे करायचे, असे प्रयोग गेली काही वर्षं चालू आहेत. हे सांगत होते तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, लाट खांबाच्या शंभरपट लांब असेल तर तिला तो खांब दिसेल तरी का? ती त्याच्यावरून निघून जाणार."

वर्गात मी उत्तर दिलं, पण ते मलाच अपुरं वाटलं. माग झाकणाला हलवतो हे सगळ्यांना पटतं. झाकणही जमिनीला काही परत देतं का, खरा प्रश्न हा आहे. म्हणून धागा काढला.

---

जुना_किट

ताई, तुम्ही म्हणता ती लाट मी तीस वर्षं हाताळली, फक्त नाव दुसरं होतं. रंगीत टीव्हीच्या किटमध्ये ट्यूनरनंतर पाच पायांचा एक चपटा भाग असायचा, सॉ फिल्टर. आत काय चालतं ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. एवढंच माहीत होतं की हा गेला की चित्रात मुंग्या येतात आणि आवाज खरखरतो.

एकदा एका गिऱ्हाईकाचा सेट आला. ट्यूनर बदलला, आयसी बदलली, दोन दिवस आणि गिऱ्हाईकाचे पैसे दोन्ही गेले. शेवटी सॉ फिल्टरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पायांमध्ये छोटा कपॅसिटर टाकून बघितला आणि चित्र लगेच उघडलं. म्हणजे दोष फिल्टरचाच. त्या दिवसापासून आधी ती तपासणी, मग बाकीचं. पण त्या चपट्या डबीत लाट धावते हे मला आज कळतंय. जरा उलगडून सांगाल का?

---

धोटा

काका, तुमचा प्रतिसाद मुलांना दाखवणार आहे.

'सॉ' म्हणजे सरफेस अकूस्टिक वेव्ह, हीच पृष्ठलहर. त्या डबीत एक स्फटिक असतो, बहुधा लिथियम नायोबेटचा. त्याला दाबलं की विजेचा दाब तयार होतो आणि वीज दिली की तो किंचित आकसतो, फुगतो. यातला पहिला गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवला, दुसरा पुढच्या वर्षी. आता दोन फण्या घ्या आणि एकीचे दात दुसरीच्या दातांमध्ये जातील अशा समोरासमोर धरा. तशाच आकाराचा धातूचा पातळ थर स्फटिकावर काढलेला असतो. दोन्ही फण्यांना सिग्नल दिला की दातांमधला स्फटिक आळीपाळीने ताणला-दाबला जातो आणि पृष्ठभागावर लाट सुटते. पलीकडे तशीच दुसरी जोडी असते, ती लाटेची पुन्हा वीज करते. दातांच्या अंतराशी जुळणारी लाट जोरात जाते, बाकीच्या गळून पडतात. १९६५ मध्ये बर्कलीच्या व्हाइट आणि व्होल्टमर यांनी ही फण्यांची रचना दाखवली.

तुमच्या टीव्हीत ट्यूनरनंतरची वारंवारता होती ३८.९ मेगाहर्ट्झ. तेवढ्याच वारंवारतेची रेडिओलहर हवेत सुमारे ७.७ मीटर लांब असते. स्फटिकावर लाटेचा वेग सेकंदाला साधारण ३,९८० मीटर, म्हणजे प्रकाशापेक्षा पाऊण लाख पटीने कमी. म्हणून तीच लाट तिथे ०.१ मिलिमीटरमध्ये मावते आणि फणीचा एक दात २५ मायक्रॉनचा होतो. माणसाचा केस साधारण सत्तरेक मायक्रॉन जाड धरा. पावणेआठ मीटरचा पसारा नखाएवढ्या डबीत बसतो तो या मंद चालीमुळे. मोबाइलमध्येही असेच फिल्टर असतात. ९०० मेगाहर्ट्झला दात जेमतेम एक मायक्रॉनचा.

---

बाळीवेसकर

पृष्ठलहर म्हटलं की आमच्या पिढीला किल्लारीच आठवते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक गाढ झोपलेले. भूकंपाचं केंद्र सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटर, तरी आमच्या वाड्यातली माणसं अंथरुणावरून थेट रस्त्यावर आली. मला आठवतं ते असं की आधी एक धडक बसली आणि मग जमीन हेलकावली. कोनाड्यातली समई पडली नाही, पण तिची वात बराच वेळ लवत होती. तिकडे दहा हजारांच्या आसपास माणसं दगडामातीच्या घरांखाली गेली, हे सकाळी रेडिओवर कळत गेलं. आमच्या नात्यातली दोन घरं त्यात होती.

तो हेलकावा म्हणजे तुमची ही लाट का?

---

धोटा

काका, त्या दोन घरांबद्दल वाचून गलबलून आलं.

हो, त्यात या लाटेचा वाटा असणार. भूकंपात आधी पोहोचते ती पुढे-मागे दाबत जाणारी लाट, खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने. पृष्ठलहर त्याच्या निम्म्या वेगाने, ३ च्या आसपास. सत्तर किलोमीटरला पहिली सुमारे बारा सेकंदांत आणि दुसरी तेवीसेक सेकंदांत. मधे आडवी हलवणारी लाटही येते. आधी धडक आणि मग हेलकावा, ही तुमची आठवण हिशोबाला धरून आहे. किल्लारीचा भूकंप उथळ होता. उथळ भूकंपात पृष्ठलहरी जास्त उठतात.

गणित तेच, फक्त माप वेगळं. भूकंपाची पृष्ठलहर किलोमीटरच्या हिशोबात मोजायची, स्फटिकावरची मायक्रॉनच्या.

---

गड्डा_२४७

मग नंदीध्वज हेच सगळ्यात चांगलं उदाहरण नाही का? सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात काठ्या निघतात. खाली पेलणाऱ्याचं पाऊल जरा चुकलं की वरचं टोक केवढं झुलतं! पाया हलला की खांब हलला.

---

धोटा

उदाहरण मनापासून आवडलं. एका गोष्टीसाठी ते अगदी चपखल आहे: पायथ्याशी थोडंसं हललं तरी टोकाशी खूप हलतं. सूक्ष्म खांबांतही हेच बघतात.

पण एक फरक आहे. नंदीध्वज पेलणारा माणूस वर बघत सतत तोल सावरतो, काठी कलली की स्वतः सरकतो. स्फटिकावरच्या खांबाला सावरणारं कुणी नाही. त्याचा पाया स्फटिकात घट्ट, आणि त्याचा सूर, म्हणजे ज्या वारंवारतेला तो आपसूक डोलतो ती, ठरतो उंची, जाडी आणि पदार्थ यांवर. उंची दुप्पट केली तर वाकण्याचा सूर चौथाईवर येतो. जाडी दुप्पट केली तर सूर दुप्पट चढतो. १० मायक्रॉन उंच, २ मायक्रॉन जाड, ज्या पदार्थात ध्वनी सेकंदाला ५,००० मीटर जातो अशा पदार्थाचा खांब घेतला तर सूर येतो १४ मेगाहर्ट्झच्या आसपास. त्या वारंवारतेला लिथियम नायोबेटवर लाट २८५ मायक्रॉन लांब. खांब २, लाट २८५. आमच्या मागच्या बाकाचा प्रश्न नेमका हा.

---

तृतीयवर्ष

मॅडम, तो मागचा बाक मीच.

उत्तर अजून मिळालं नाही. खांब हलतो, मान्य. पण तो इतका हलका आहे की त्याने लाटेला फरक का पडावा? उजनीच्या पाण्यात बोरूएवढी काडी उभी केली तर लाट तशीच पुढे जाते.

---

धोटा

प्रश्न सोडला नाहीस, बरं केलंस. सावकाश वाच.

आधी हातात एक दोरा घे आणि टोकाला मागाची रिकामी कांडी बांध. हात अगदी हळू डावी-उजवीकडे हलव. कांडी हाताबरोबर जाते. आता खूप जलद हलव. हात उजवीकडे गेला की कांडी डावीकडे, आणि झोकाही छोटा. मधे एक वेग असा सापडेल की हात जेमतेम बोटभर हलतोय आणि कांडी वीतभर झोके घेतेय. तेव्हा नीट बघ: कांडी हाताच्या पाव फेरी मागे असते. हात मधून वेगात जातो तेव्हा कांडी टोकाला, हात टोकाला तेव्हा कांडी मधे. या पाव फेरीच्या उशिरामुळेच हाताचा प्रत्येक रेटा कांडीच्या कामी येतो.

त्याच वेळी बोटांकडे लक्ष दे. सूर जुळतो तेव्हा कांडी बोटांना ओढते. प्रत्येक झोक्याला. हळू किंवा जलद हलवताना ती ओढ जवळजवळ जाणवत नाही. "परत देणं" म्हणजे हेच. खांब डोलतो तेव्हा त्याच्या पायाशी असलेल्या स्फटिकाला तो त्याच तालात रेटत-ओढत असतो, आणि स्फटिकाला कुणी रेटलं की लाट सुटते, रेटणारी फणी असो की खांब. डोलणारा खांब म्हणजे लाट सोडणारं एक नवं ठिकाण. त्याची लाट चारी बाजूंना पसरते आणि सूर जुळलेला असतो तेव्हा पुढच्या दिशेला मूळ लाटेच्या विरुद्ध पडते. दोन्ही मिळून खांबामागे लाट क्षीण होते.

तुझ्या काडीचा सूर पाण्याच्या लाटेशी कुठेच जुळत नाही, म्हणून लाटेला ती नसल्यासारखीच. सूर जुळला की खांबाची जाडी गौण. ऊर्जेचं नुकसान कमी असेल तर खांब लाटेचा जेवढा पट्टा अडवू शकतो, त्याची रुंदी तरंगलांबीच्या हिशोबात येते. म्हणजे २ मायक्रॉनचा खांब शंभर-दीडशे मायक्रॉनच्या पट्ट्यावर हक्क सांगू शकतो. मात्र फक्त त्याच सुरावर. सूर थोडा सरकला की तो पुन्हा दोन मायक्रॉनचा.

आईच्या झाकणाचंही हेच होतं, पण जमीन इतकी जड की झाकणाची ओढ तिला पोहोचत नव्हती. स्फटिकावर लाटेचा जोर वरच्या पातळ थरातच असतो आणि खांब नेमका तिथे उभा असतो.

---

वेव्हगाईड_पुणे

मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात याच क्षेत्राच्या आसपास काम करतो. धोटा ताईंनी फार नेमकं सांगितलंय. दोन भर घालतो आणि एक दुरुस्ती.

दुरुस्ती आधी. खांब लाटेला "चारी बाजूंना" पृष्ठभागावरच पाठवतो असं नाही. खांब हा पृष्ठभागाच्या सपाटपणातला खंड आहे, त्यामुळे काही ऊर्जा थेट खाली, स्फटिकाच्या पोटात निघून जाते. ती पुन्हा वर येईलच असं नाही. शिवाय खांबाच्या पदार्थात काही ऊर्जा उष्णता होऊन संपते. खांब किती ऊर्जा गिळेल हे या वाटण्यांवर ठरतं. स्वतःत जिरवणं आणि बाहेर सोडणं यांचा मेळ बसला, दोन्ही सारखे झाले, की गिळण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. जिरवणं फार असेल तर खांब नीट डोलतच नाही. ताईंच्या आईंची चादरीची घडी म्हणजे जिरवणं वाढवणं. झाकण गप्प बसलं ते त्यामुळे.

पहिली भर. फ्रान्समध्ये बझाँसों नावाचं शहर आहे, जुनं घड्याळं बनवणाऱ्यांचं. तिथल्या फेम्टो-एसटी या संशोधन संस्थेने लिथियम नायोबेटवर एकेक सुटा खांब उभा केला. कोरून नव्हे, तर आयनांच्या बारीक शलाकेने वायूतला पदार्थ थराथराने बसवत. मग लेझरने बिंदूबिंदूवर कंपन मोजलं. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की सूर जुळतो तेव्हा खांबाची हालचाल भोवतीच्या पृष्ठभागाच्या सुमारे दसपट होते. लाट कितीतरी लांब, खांब एकटा, तरीही. तृतीयवर्ष, तुझ्या प्रश्नाला प्रयोगाचं उत्तर हे.

दुसरी भर मला जास्त भावते. त्याच मंडळींनी नंतर दोन खांब जवळजवळ उभे केले. दोघांचा सूर एकच. मग एकच सूर राहत नाही, दोन होतात: एक दोघं मिळून एका दिशेला डोलण्याचा आणि दुसरा एकमेकांच्या उलट डोलण्याचा. दोघांना जोडणारी तार किंवा दांडी नाही. मधे आहे फक्त स्फटिकाचा पृष्ठभाग. एकाने रेटलं ते दुसऱ्याला पायाखालून कळतं. अंतर बदललं की दोन सुरांमधली फारकत बदलते. लाट समोरून येते की बाजूने यानेही फरक पडतो: दोघांना एकाच क्षणी गाठणारी लाट त्यांना उलटसुलट डोलायला लावू शकत नाही.

---

शेंगाचटणी

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. याचा पुढे उपयोग काय होणार आहे?

---

वेव्हगाईड_पुणे

खांबाच्या डोक्यावर काही बसलं की वजन वाढतं आणि सूर उतरतो. तो उतरलेला सूर लाटेतच दिसतो, खांबाला वेगळी तार जोडावी लागत नाही. सूक्ष्म वस्तुमान ओळखणाऱ्या संवेदकांसाठी हे फार सोयीचं आहे. दुसरं, खांबांची रांग उभी केली तर लाटेच्या ठरावीक सुरांना दार बंद करता येतं. कागदावर उभ्या बाजूला सूर आणि आडव्या बाजूला एका मीटरमध्ये किती लाटा बसतात ते घ्या, मग लाटेची चढती रेघ आणि खांबाच्या सुराची आडवी रेघ काढा. त्या एकमेकींना छेदायला जातात आणि ऐनवेळी वळतात. त्या वळणाच्या मधल्या फटीत लाटेला वाटच उरत नाही.

---

मोहोळची_माती

झाडांचंही असंच होतं असं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का? आमच्या बांधावर निलगिरीची रांग आहे म्हणून विचारतो.

---

धोटा

खरं आहे. फ्रान्समध्ये एका जंगलात मोजमाप झालंय. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की १५० हर्ट्झच्या खालच्या दोन पट्ट्यांत जमिनीवरची रॅले लाट जंगलात शिरली की जोरात क्षीण होते. तिथे झाडाचं वाऱ्यावर वाकणं कामाला येत नाही, खोड उभ्या दिशेने ताणलं-दाबलं जातं ते येतं. रॅले लाट जमिनीला वर-खालीही हलवते आणि पृष्ठभागावर आडव्यापेक्षा ते वर-खाली हलणंच मोठं असतं, साधारण दीडपट.

दादा, एका रांगेने मात्र फारसं व्हायचं नाही, दाटी लागते. आणि घरं पाडणारे भूकंपाचे धक्के याहून कितीतरी खालच्या सुरात असतात, त्यामुळे झाडं लावून भूकंप थांबेल असं कुणी समजू नये. बाळीवेसकर काकांनी लिहिलंय ते वाचल्यावर हे स्पष्ट सांगणं मला गरजेचं वाटलं.

---

बाळीवेसकर

स्पष्ट सांगितलंत, बरं केलंत. असल्या आशेवर माणसं विसंबतात. मग इमारतींचा सूर किती असतो?

---

धोटा

ढोबळ हिशोब असा: जेवढे मजले, तेवढे सेकंदाचे दहावे भाग एका झोक्याला. चार मजली इमारत ०.४ सेकंद. जमिनीचा हेलकावा तेवढ्याच कालावधीचा असेल तर इमारत जास्त झुलते. म्हणून शेजारी-शेजारी सारखाच पाया आणि सारखंच सिमेंट असूनही एक तडकते आणि दुसरी उभी राहते, असं होऊ शकतं. दगडामातीच्या जड छपराच्या घरांची गोष्ट निराळी. तिथे सूर जुळण्याआधीच भिंत सुटते.

---

तृतीयवर्ष

मॅडम, काल घरी दोरा बांधून बघितलं. आमच्याकडे माग विकले, पण कांड्या पोत्यात पडून होत्या.

खिडकीच्या दोन गजांना आडवी दोरी बांधली. तिच्यावरून दोन कांड्या एकाच लांबीच्या दोऱ्याने, वीतभर अंतरावर लोंबवल्या. डावीला झोका दिला, उजवीला हात लावला नाही. दहा-बारा झोक्यांत उजवी हलायला लागली. मग डावी हळूहळू पूर्ण थांबली आणि उजवी तेवढ्या जोरात. मग उलट. चार वेळा असं आलटून-पालटून झालं. नंतर उजव्या कांडीचा दोरा चार बोटं आखडला आणि पुन्हा केलं. उजवी नुसती थरथरली, डावी थांबलीच नाही.

आई भाकरी थापता थापता बघत होती. तिने पंचवीस वर्षं माग चालवला. म्हणाली, "दोरी सांगती व्हय रं तिला?" आणि हात पुसून आली, स्वतः एकदा झोका दिला. मग म्हणाली, "तिसरी बांध मधी."

आज बांधणार आहे. काही सांभाळायचं असेल तर सांगा.

---

धोटा

तिन्ही दोरे कांडीच्या मध्यापर्यंत मोज, गाठीपर्यंत नको. तिथेच मुलांचं चुकतं. कांड्यांवर सूत उरलं असेल तर तिन्हींवर सारखं ठेव. आडव्या दोरीचा ताण कालच्याएवढाच ठेव. ती सैल झाली तर देवाणघेवाण लवकर होईल आणि कालच्या आकड्यांशी ताडता येणार नाही. पहिला झोका मधल्या कांडीला दे आणि कडेच्या दोन्ही एकदम उठतात का बघ. मग सगळं थांबव, कडेच्या एकीला झोका दे आणि पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचायला किती झोके लागतात ते मोज. मोजताना आईंना जवळ बसव. मागाच्या तालाची सवय असलेल्या कानाला तुझ्यामाझ्या आधी फरक कळेल.